गोठ्यात उमललेलं फूल

तलमडुगूजवळच्या त्या गावातल्या निम्म्या बाया माणिकरावांच्या अंगणात दाटीवाटीने बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे परातीतल्या फुलावर होते. सकाळी प्रयागबाई सुईणीने ते पाण्यात ठेवलं, तेव्हा मुठीसारखं मिटलेलं वाळकं झुडूप होतं. दुपार कलली, तसं ते चांगलं हातभर पसरलं होतं.

"पाह्यलं? बासरच्या देवीमायनं सोता देल्लं हे फूल!" प्रयागबाई गरजली. "हे उमललं का कूस मोकळी होते. डाक्टर काय, तो तं फाडते!"

बायांनी हात जोडले. माणिकरावांच्या बायकोने, बयनाबाईनेही जोडले, पण तिचं लक्ष घरात होतं. आत तिची लेक पूनम पहाटेपासून अडली होती. हिरवट पाणी गेलं होतं, आणि आता तर पोरीचं ओरडणंही थांबलं होतं. फूल उमललं तरी बाळ का येत नाही, हे विचारायला आईची जीभ रेटेना.

"दवाखान्यात नेऊ काय?" शेवटी ती पुटपुटली.

"न्या! मायचा कोप झाला तं माह्याकडं रडत येऊ नका."

तेवढ्यात बयनाबाईची सून सुनयना गोठ्यातून घमेलं घेऊन आली. त्यातही तसंच फूल, तसंच पसरलेलं. शाळेत शिकवणाऱ्या या सुनेने सकाळीच दवाखान्याचं नाव काढलं होतं, तेव्हा बयनाबाईनेच तिला गप्प केलं होतं.

"हे काय व?"

"प्रयागबाईच्या गाठोड्यातलं दुसरं, आत्याबाई. सकाळी बैलापुढं ठेवलं होतं. आता बैल कधी बाळंत होते, विचारा यायले."

कोणीतरी फिसकन हसलं. सुनयनाने घमेलं परातीशेजारी ठेवलं.

"वाळलं झाड पाणी पेलं का उघडते. त्याले ना देवी लागत, ना पोटुशी बाई. ते उघडेस्तोवर बहुतेक बाया मोकळ्या होतेच, म्हणून चमत्कार! गाडी बोलावली हाय मी."

"अर्धं गाव या हातानं काढलं मी!" प्रयागबाई उसळली.

"काढलं. हात चांगलेच हायत तुमचे. पण अडलेल्या पोराले ऑपरेशन लागते, अन् तुमचे हात पुरले नाई तं मागं डाक्टर कोण हाय?"

बयनाबाई उठून आत गेली. "कोप व्हायचा तं माह्यावर होऊ दे," म्हणत तिने लेकीच्या काखेत हात घातला.

आदिलाबादला ऑपरेशन झालं. पूनम वाचली. बाळ मात्र रडलंच नाही. सकाळी आणलं असतं तर वाचलं असतं, असं डॉक्टरीण म्हणाली.

पुढच्या महिन्यात गावातल्या चंपतच्या सुनेला कळा लागल्या. त्याच्या अंगणात पुन्हा परात मांडली गेली, बाया जमल्या. बयनाबाई गर्दीतून वाट काढत थेट चंपतपुढे जाऊन उभी राहिली.

"सुईण बसू दे, पाठ चोळू दे, धीर देऊ दे. पण आधी गाडी बोलव, बापा," ती म्हणाली. "मंग फूल पाह्यत बसा."