फाटकातली बोराटी

बोरन्हाणाला बाजारातली ॲपल बोरं चालत नाहीत, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं. पेरूएवढी बोरं दोन वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ओतायची म्हणजे न्हाण की मारामारी? म्हणून माझ्या चिन्मयच्या बोरन्हाणासाठी मी शकीलाच्या मागे लागले होते. शकीला आमच्या संग्रामपुरात दारोदार भाजी विकते, हिवाळ्यात रानातली बोरंही आणते.

"औंदा बोराटी राह्यलीच कुठं, बाई?" ती म्हणाली. "जेसीबीनं वावरातले समदे धुरे-बांध साफ केले."

"ते मले नको सांगू. वाटीभर तरी आण."

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिनं ओढणीच्या गाठीत बोरं आणली. वाटाण्यापेक्षा जरा मोठी, लालभडक. पैसे घेतले नाहीत. दारात बसून पाहू द्या, एवढंच म्हणाली. तिची लहान मुलगी काही वर्षांपूर्वी तापानं गेली, हे मला माहीत होतं. अशा बाईला आज बसू द्यावं का, असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. बस म्हटलं.

काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून चिन्मय पाटावर बसला. बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून ओतले तशी गल्लीतली पोरं तुटून पडली. पाटाच्या उजव्या अंगाला मात्र एकही पोर नव्हतं, तरी तिथली बोरं कमी होत होती. चिन्मयनं एक बोर उचललं, त्या रिकाम्या जागेकडे हात नेला आणि हसून बोटं उघडली. बोर खाली पडलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. आमचे हे मोबाईलवर फोटो काढण्यात गुंग होते.

त्या दिवसापासून चिन्मय जड झाला. कडेवर घेतलं की खांदा भरून यायचा. डॉक्टरांच्या काट्यावर वजन उलट घटलेलं. ताटातली अर्धी पोळी तो बाजूला काढून ठेवायचा, उरलेलीही नीट खायचा नाही. बाजूला काढलेली मात्र कुठं जायची कळायचं नाही. गालफडं बसली, डोळे मोठे दिसू लागले. स्वतःचं नाव 'चिमय' म्हणणारं माझं पोर एक नाव मात्र स्वच्छ घ्यायचं. महनूर.

मी हादरले. पोर हातचं जातंय, असं वाटायला लागलं. तशीच त्याला उचलून भर दुपारी शकीलाचं घर गाठलं, भांडायच्या तयारीनंच. घर गावाबाहेर. अंगणाला बोराटीच्या काट्यांचं कुंपण, फाटकातही काट्यांची मोठी फांदी आडवी लावलेली.

"कुठली बोरं दिली होतीस मले? आणि ही महनूर कोण?"

फांदीच्या पलीकडे उभी असलेली शकीला पांढरी पडली. "माही लेक," ती म्हणाली. "तिले दफन केलं तवा कोल्ही-कुत्री उकरतीन म्हणून मीच तिच्या अब्बाले सांगून कबरीवर बोराटीच्या फांद्या टाकल्या. फांद्यांवर बोरं होती, ते तिथंच उगवली. औंदा तेवढंच झाड राह्यलं. तुम्ही हट्टच धरला, बाई."

"आणि तू कबरीवरची बोरं माह्या लेकराच्या डोक्यावर ओतू देल्ली?"

मी आणखी बोलणार होते. पण चिन्मयनं फाटकाकडे बोट दाखवलं.

"टोचतं," तो म्हणाला. "महनूरला टोचतं. घरी जायचंय."

शकीला फांदीवर वाकली. "या अल्ला! ते काटे कोल्ह्यांसाठी होते, बेटा. तुह्यासाठी नव्हते. तुले घरात येऊ नोको असं मी कधी म्हणीन?"

तिनं नुसत्या हातांनी फाटकातली फांदी ओढली. काटे रुतले, मनगटावरून रक्त उतरलं, पण ती थांबली नाही. वाट मोकळी झाली आणि माझ्या कडेवरचा भार एकदम उतरला. शकीलाची ओढणी खालून कुणी धरल्यासारखी ताणली गेली.

"आई, भूक," चिन्मय म्हणाला.

आता तो चांगला जेवतो, गाल पुन्हा वर आलेत. शकीलानं फाटकात काट्यांची फांदी परत लावली नाही. शेळ्या आत शिरून भाजीचा फडशा पाडतात, ती हाकलतसुद्धा नाही. आमच्याकडे येते तेव्हा एक खांदा खाली झुकलेला असतो. दिवसेंदिवस वाळत चालली आहे. मला बघवत नाही, म्हणून मी तिला बळंच जेवायला बसवते. ती अर्धी भाकर मोडून बाजूला ठेवते.

"काऊन जेवत नाही व शकीला?" मी विचारते.

"आधी तिचं होऊ द्या, बाई."

मी वाढायच्या निमित्तानं आत जाते. परत येते तेव्हा ती अर्धी भाकर ताटात नसते.