छायाबाबांचा कोरा कागद

रविवारच्या बाजारात कलाकार उघड्यावरच काम करत बसत. कुंभाराचं चाक फिरे, लाकूड कोरणाऱ्याची ठकठक चाले, आणि चित्रकार असलेली धाकटी समोर बसेल त्याचा चेहरा कागदावर उतरवून देई. पण त्या दिवशी सगळी गर्दी टोकाच्या तंबूकडे लोटली होती. तिथं छायाबाबा एक पांढराशुभ्र कागद उलटसुलट करून दाखवत होते.

"पेन्सिल नाही, ब्रश नाही. आम्ही काढत नाही, फक्त बोलावतो. आत्मा लांबून येतो, त्याला तहान लागते. म्हणून हे मंतरलेलं पाणी."

निळसर पाण्यात बुडवलेला बोळा त्यांनी कागदावरून फिरवला. त्या निळाईतून पांढऱ्या रेषा वर आल्या. कपाळ, मिटलेले डोळे, हनुवटी. पुढच्या बाकावरून धाकटीची ताई एवढंच म्हणाली, "चिमणी."

चिमणी ही ताईची एकुलती एक लेक. तापाचं निमित्त झालं आणि गेली. वर्षही झालं नव्हतं. ताईचं हृदय अधू. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबांनी मात्र पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, "औषधाच्या वासानं लेकरू बिचकतं. गोळ्या सोडा. हळूहळू डोळे उघडेल, मग बोलेलसुद्धा." ताईनं गोळ्या फेकून दिल्या. धाकटीनं समजावलं, भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. आता ताईचे पाय सुजले होते, आणि दोन पायऱ्या चढल्या की तिला धाप लागायची.

गर्दीतून वाट काढत धाकटी पुढे आली. चेहरा पाहून क्षणभर तीही फसली. तेच नाक, तीच जिवणी. मग तिला गळ्याशी झालरीची कॉलर दिसली.

चिमणीकडे तसला फ्रॉक कधी नव्हताच. चित्राला बसली तेव्हा तिचा फ्रॉक गळ्याशी उसवलेला होता, म्हणून धाकटीनं मनानंच झालर काढली होती. ते चित्र तिच्या दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेलं असे. येणारा-जाणारा ते बघे; बाबांनीही तिथूनच उचललं होतं.

बाबा पुढचा कागद उचलत होते. तो एका म्हाताऱ्यासाठी होता. त्यानं आदल्या आठवड्यात बायकोचा फोटो 'आशीर्वादासाठी' तंबूत ठेवला होता.

"थांबा," म्हणत धाकटीनं तो कागद घेतला आणि उन्हात तिरका धरला. कोऱ्या कागदावर रेषा चमकल्या. "आजोबा, इथं नख लावून बघा."

म्हाताऱ्यानं खरवडलं. नखात मेण आलं.

"आधी मेणानं चित्र काढून ठेवायचं," धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "रंगाचं पाणी कागदावर बसतं, मेणावर बसत नाही. चित्रातल्या लाटांवरचा फेस आम्ही असाच पांढरा राखतो. बाबा, हा माझा कागद घ्या. यावर बोलवा."

"अविश्वासाच्या कागदावर आत्मा उतरत नसतो," बाबा म्हणाले.

"म्हणजे आत्म्यालाही कागद तुमच्याच तंबूतला लागतो," कुंभार म्हणाला. एरवी बाजार हसला असता. पण म्हातारा अजून त्या कागदावरून बोटं फिरवत होता. कुणालाच हसू आलं नाही. गर्दीतून बाबा मागच्या मागे सटकले.

घरी आल्यावर धाकटीनं झालरीची गोष्ट सांगितली, तशी ताई भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मी तिची आई. झालर माझ्या कशी लक्षात आली नाही?"

"डोळे भरलेले होते गं तुझे. भरल्या डोळ्यांवरच चालतो त्याचा धंदा."

"खोटं होतं. पण मी बोलत होते तिच्याशी. तेही तू नेलंस."

धाकटीनं डॉक्टरांकडून आणलेली गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. ताईनं गोळी घेतली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली.

पुढच्या रविवारी धाकटीनं दुकानापुढे मेणबत्ती, कागद आणि रंगाचं पाणी मांडलं. येईल त्याला ती युक्ती करून दाखवी. लहान मुलंसुद्धा दोन मिनिटांत आत्मे काढू लागली. मोठ्यांना ती सांगे, "कागद आधी उन्हात धरून बघा. कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. आपलं माणूस आठवायला मध्ये दलाल लागत नाही."

तिच्या मागे स्टुलावर ताई बसलेली असे. ती कुणाशी बोलत नसे. पण जेवल्यावर पर्समधून गोळी काढून मुकाट्यानं घेई.