चार रेघा आणि गावरान हरभरा

मित्रांनो, मी नवलभाऊंच्या ट्रॅक्टरवरचं जुनं आरपीएम मीटर आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं, ते माझा काटा सांगायचा. शिंदखेड्याकडे मळणी निघाली की भाऊ आधी माझं तोंड बघायचे. काटा पंधराशेवर असला की हरभरा अखंड निघायचा. काय तोरा होता माझा!

यंदा इंजिन जाम झालं. भाऊंनी जळगावहून दुसरं, वापरलेलं इंजिन आणून बसवलं. पण त्याला माझी केबल जोडायला जागाच नव्हती. काटा शून्यावर पडला. भाऊ म्हणाले, "मीटर नही ते काय व्हयनं, कान शेतंस ना." आता बोला! कान जुन्या इंजिनाला सरावलेले, आवाज नव्याचा. ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीचं थ्रेशर भलतंच पळालं आणि पहिल्याच घमेल्यात निम्मे दाणे फुटून निघाले.

भाऊंच्या आई, भिकुबाई, घमेल्यापाशी बसून दाणे चाळू लागल्या. हा त्यांचा घरचा गावरान हरभरा, वर्षानुवर्षं राखून पेरलेला. बाजारात तो मिळत नाही. "बठ्ठी दाय व्हयी गयी," त्या म्हणाल्या. म्हणजे सगळी डाळच झाली, आणि डाळ काही उगवत नाही. "आते पेरसूत काय?" माझा जीव तीळतीळ तुटला, पण काटा हलेना.

सूनबाई रत्नाने वायरमनचा कोर्स केलेला. तिने ट्रॅक्टर अंधाऱ्या शेडमध्ये घ्यायला लावला आणि इंजिनच्या पुलीवर खडूची एक रेघ ओढली. शेडमधली ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मिचकते. पंधराशेवर पुली सेकंदाला पंचवीस फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यात लाइट चारदा मिचकणार, आणि वेग जमला की एका रेघेच्या चार दिसणार, जागच्या जागी. नेमकी तेव्हाच लाइट गेली. भाऊंनी हौसेने बॅटरीचा दिवा धरला, तर रेघेचं नुसतं पांढरं कडं!

"हाई तुनं शास्त्र का?" भाऊ हसले.

"बॅटरीना उजेड मिचकत नही," रत्ना म्हणाली. "लाइट येऊ द्या."

लाइट आली. भाऊ अ‍ॅक्सिलेटरचा दांडा हळूहळू ओढू लागले. सहा रेघा थबकल्या, विस्कटल्या. मग पाच. आणि मग चार, अगदी खिळल्यासारख्या! मित्रांनो, मी शून्यावर बसल्या बसल्या थरारलो. रत्नाने कपाळाची टिकली काढून दांड्याच्या जागी खुणेला चिकटवली.

थ्रेशर पुन्हा लागलं. भिकुबाईंनी ओंजळ पुढे धरली, दाणे उलटसुलट करून पाहिले. "शाबूत शे," त्या म्हणाल्या आणि ती ओंजळ आधी पदरात बांधली. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. चालायचंच, मी खूश होतो.

तेवढं एक ऐका, मित्रांनो. यंत्र बदललं की त्याची चाल नव्याने ओळखून घ्या. इंजिन दुसरं आणता येतं, असलं बी आणता येत नाही.