बरणीला कान

जिलानीच्या बेकरीतली लाकडावरची भट्टी आज शेवटची पेटणार होती. भूकंपात तडा जाऊनही ती टिकली होती. आता मात्र तिथं कोचिंगच्या पोरांसाठी अभ्यासिका होणार. पुडीतलं यीस्ट न वापरता, घरी आंबवलेल्या खमिराचा एक तरी पाव त्या भट्टीत भाजावा, ही माझी हौस. मी वाचनालयात जन्म काढलेला माणूस. पाव फक्त पुस्तकात फुगलेला पाहिलेला.

सकाळी बरणीतलं चमचाभर खमीर पाण्यात सोडलं. पुस्तक म्हणतं, तरंगलं तर तयार. ते बुडालं. रोजच बुडत होतं.

"कच्चंच आहे," मी म्हणालो. "जिलानीला नाही म्हणून सांगून येतो."

साखराबाईनं, माझ्या बायकोनं, बरणी हुंगली. "अहो, पाव करता करता आंबील करून राहिले की तुम्ही!"

मी बरणी ओढून घेतली. खरंच, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात पितो त्या ज्वारीच्या आंबिलीचा वास! पण आंबील झाली का, हे कुणी कधी पाण्यात सोडून पाहिलं? आई मडक्याला कान लावायची. मी बरणीला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती.

एकदम उलगडा झाला. घरात होतं म्हणून मी ज्वारीचं पीठ घालत आलो होतो. पुस्तक गव्हाबद्दल बोलत होतं. ज्वारीला तसा चिवटपणा कुठला? हवा धरून ठेवणार कशी, तरंगणार कशी?

"तयार आहे!" मी चक्क ओरडलो.

ते खमीर गव्हाच्या पिठात मळलं. दुपारभर उकाड्यात सारखं फडकं उचलून पाहत होतो.

"झाकून ठेवा हो, सारखं तोंड पाहायला नवरी हाय का ती!" साखराबाई म्हणाली.

पीठ फुगून परातीच्या काठाला टेकलं. तरी फजितीची भीती. अर्धंच घेऊन गेलो.

जिलानीनं लांब फळीवरून गोळा भट्टीत सरकवला. "काका, पत्थर निघाला तर भिंतीत बसवू. बांधकाम हायच."

मी चपलांकडं पाहत राहिलो. थोड्या वेळानं त्यानं आत डोकावलं.

"काका! या, या, लवकर या!"

पाव टम्म फुगून वरून तडकला होता. जिलानीनं गरमच तोडला, तोंड पोळवत खाल्ला.

"विस्तव लई हाय अजून. आणखी पीठ हाय का?"

दुखऱ्या गुडघ्यांची आठवणही न होता मी घराकडं पळत सुटलो.