कण्हणारं मशीन

बावीस वर्षं मी दुर्बिणीच्या खोलीत सिस्टर आहे. लोकांच्या आतड्यांतून काय काय निघतं ते सगळं पाहून, हात धुऊन, निवांत डबा खाल्लाय. पण त्या दिवशी मला खरोखर शिसारी आली.

आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर आधी सिम्युलेटरवर हात बसवतात. रबरी बुडातून नळी सरकवायची, पडद्यावर आतडं बघायचं. नळी दांडगाईनं रेटली की मशीन बाईच्या आवाजात कण्हतं. मग थांबायचं, नळी मागे घ्यायची, पडलेला वळसा सोडवायचा. मशीन मार्क मात्र वेळेचे देतं, जितकं झटपट तितके जास्त. मार्क पुरेसे पडले आणि सिस्टरनं सही केली की खरा पेशंट मिळतो.

आमच्या एका शिकाऊला अठ्ठ्याण्णव मार्क पडले. तेव्हापासून त्याचं नावच 'अठ्ठ्याण्णव'. सही माझी. त्याचा पहिला पेशंट म्हणजे माझी वहिनी, तिलाही मीच आणलेलं. "अगं, काही दुखत नाही. मी आहे ना," असं सांगून.

नळी अर्ध्यात अडली. वहिनी कण्हायला लागली, माझी बोटं आवळायला लागली. हा रेटतोच आहे.

"सर, वळसा पडलाय. मागे घ्या."

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "सिस्टर, आवाज जरा कमी करता का?"

चेष्टा नव्हती ती. सवयीनं बोलला मेला. मी त्याचं मनगट धरलं आणि मोठ्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी हलक्या हातानं काम निभावलं.

नंतर मॅडम म्हणाल्या, "सही मागे घ्यायची तर कारण लिहून द्या. नाहीतर उद्या तोच टेबलापाशी असेल."

'हात जड आहे' एवढं लिहून सुटता आलं असतं. पण रोज सकाळी मशीन लावलं की आवाज चालू व्हायचा आणि माझं डोकं उठायचं म्हणून मीच तो बंद करायची. कधी विसरले तर पोरंच आठवण करायची, 'सिस्टर, आवाज.' दोन वर्षं पोरं मुक्या मशीनवर शिकली. हे लिहिलं तर ही खोली माझी राहणार नव्हती. त्याची शिसारी आली होतीच, आता स्वतःची आली.

बाहेर बाकावर बसलेली वहिनी माझा हात धरून म्हणाली, "तू होतीस म्हणून वाचले गं."

मी आत गेले आणि लिहिलं, 'मशीनचा आवाज मी बंद ठेवत होते. दोन वर्षांतल्या माझ्या सगळ्या सह्या रद्द धराव्यात.'