हिरवे गोंदण

मी एक जुनी रॅम आहे. मित्रांनो, संगणक चालू असतो तोवर त्याचे सारे काम माझ्यावर मांडलेले असते आणि वीज गेली की मी सगळे विसरते. मग ही गोष्ट मला कशी आठवते, ते मात्र विचारू नका.

१९९८ साली मी धरणगावला लताबाईंच्या फोटो स्टुडिओत आले. माझ्याकडे जागा सोळा एमबीची, आणि तीही पुरती माझी नव्हती. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपला स्वतःची मेमरी नव्हती, म्हणून माझ्यातला एक एमबी तिला तोडून दिला होता. तेवढ्यात तिला दोनशे छप्पन्नच रंग दाखवता येत. जास्त दिले असते, तर मोठे फोटो उघडताना माझीच दमछाक झाली असती. तरी लताबाईंनी मला कधी नावे ठेवली नाहीत. मी अडखळले की त्या मला काढून, खोडरबराने पुसून पुन्हा बसवत. हात फार हलका त्यांचा.

एकदा भिकुबाई नावाच्या शेतकरीण बाई आईचा रंगीत फोटो घेऊन आल्या. आईचा तेवढा एकच फोटो, तोही ओलीने डागाळून काचेला चिकटलेला. लताबाईंनी तो काचेसकट स्कॅन केला. मग काच सोडवायला गेल्या, तर चेहऱ्याचे पापुद्रे काचेलाच राहिले. आता काय उरले ते संगणकात.

लताबाईंनी दोन दिवस खपून एकेक तपकिरी डाग पुसला. त्यात कपाळावर गोंदलेली चंद्रकोर आणि हनुवटीवरचे ठिपकेही गेले. ते हिरवे होते. माझ्यापाशी तशी नोंद होती, पण पडद्यावर तो रंग दाखवायला जागा नव्हती. तिथे तेही तपकिरीच दिसत. मला तोंड नव्हते. फार लाज वाटली.

छापलेला फोटो भिकुबाईंनी हातात घेऊन पाहिला.

"बाई, हाई मनी माय नही शे," त्या म्हणाल्या. "तिना कपायवरनं गोंदन कोठे गयं?"

लताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चूक कबूल केली, मूळ स्कॅन जपून ठेवला आहे असे सांगितले आणि आठ दिवस मागून घेतले. जळगावहून संगणक दुरुस्त करणारे शालिग्रामभाऊ आले. ते म्हणाले, दोन भावांत एक विहीर असली की पाण्याची पाळी लावावी लागते. चित्राला त्याची स्वतःची विहीर द्या. त्यांनी चार एमबी मेमरी असलेले डिस्प्ले कार्ड बसवले. माझा एमबी मला परत मिळाला. त्या कार्डाचे उपकार मी अजून मानते.

स्कॅन पुन्हा उघडला आणि गोंदण हिरवेगार उठून दिसले. तरी या वेळी लताबाईंनी भिकुबाईंना शेजारी बसवले आणि प्रत्येक डाग विचारून पुसला. गालावर एक तपकिरी ठिपका राहिला होता. लताबाईंचा हात तिकडे वळताच भिकुबाईंनी तो धरला.

"तो तीय शे, पुसू नको. न्हानपनी मी तेले हात लाईसनच निजेल शे." लहानपणी आईच्या त्या तिळाला हात लावल्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

आता मी लताबाईंच्या कपाटात एका डब्यात असते. नव्या संगणकात मी बसत नाही, पण त्यांनी मला भंगारात घातले नाही, याचे मला सुख आहे. मित्रांनो, जुने फोटो ओलीपासून जपा. आणि कुणाच्या चेहऱ्यावरचे काही पुसायचे झाले, तर आधी त्याच्या माणसाला विचारा. नव्या कार्डावरही तो तीळ शेवटपर्यंत डागांसारखा तपकिरीच दिसत होता.