मला न दिसलेले अस्तर

मी एक जुनी, बीपी मोजायची पेटी आहे, मित्रांनो. काचेच्या नळीत पारा, रबराचा फुगा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि वर पत्र्याचे झाकण, एवढा माझा संसार. बटण दाबले की टीं टीं करत आकडे दाखवणारी आजकालची मशीने निराळी. माझ्यासमोर ताठ बसावे लागते, हात टेबलावर सैल सोडावा लागतो आणि तोंड बंद ठेवावे लागते. मोठमोठे बोलघेवडे मी असे गप्प बसवले आहेत.

मला घडवले त्या कारखान्यात पारा भरायला एक अबोल बाई होती. नळीत एक बुडबुडा दिसला तरी ती सगळे रिकामे करून पुन्हा भरी. माझ्या वेळी तिने तीनदा रिकामे केले. म्हणून मी खोटे बोलत नाही. ही कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे.

एकवीस वर्षे मी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर होते. लोक पट्टा सुटायच्या आधीच विचारत, "पेटी काय म्हणते?" मी म्हणेन ते खरे, असा माझा मान होता. मग टीं टीं आले आणि मी कपाटात जुन्या फायलींच्या मागे जाऊन पडले. दोन वर्षे माझे झाकण कुणी उघडले नाही.

त्या दवाखान्याचे पांढरे कोट एक शिंपी जोडपे शिवत असे. कापायचे मास्तरांनी, शिवायचे मास्तरीणबाईंनी. मास्तरांचा रक्तदाब वाढलेला निघाला, आणि तपासणीत मानेतल्या धमन्याही खराब झालेल्या दिसल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला कपाटातून काढले. मास्तरांची सून लग्नाआधी एका दवाखान्यात कामाला होती. कानाला नळी लावून ठोके ऐकायचे तिला येत होते. "घरी मोजत जा," असे सांगून बाईंनी मला तिच्या हातात दिले.

माझी जागा कापायच्या टेबलावरच्या फळीवर. खाली खडूच्या रेघा, दोन शिलाई मशीने, खिडकीतून येणारे ऊन. मला वाटले, आपले दिवस परत आले. पण मी एकटी आले नव्हते. माझ्याबरोबर एक गोळी आली होती.

केवढी ती? बाळाच्या झबल्याच्या बटणाएवढी. ना काच, ना पारा, ना तोंडातून आवाज. आणि तिचे कौतुक काय सांगू. मास्तरीणबाईंनी कुणाच्या झग्यातून उरलेल्या निळ्या रेशमाची तिच्यासाठी सात कप्प्यांची पिशवी शिवली. वाराला एक कप्पा, कप्प्याला गोट. त्याच आठवड्यात माझ्या पट्ट्याची कड उसवली, तर ती गादीला टाके घालायच्या जाड दोऱ्याने ओढून घेतली. मी जळले. जळले तर जळले, त्यात लपवायचे काय?

सकाळी पहिला प्रश्न तिचाच. "अहो, गोळी घेतली का?"

"घेतली गं. आता ती पोटात जाऊन साक्ष देणार आहे का?" मास्तर म्हणत.

"दे म्हणावं. तुमच्यापेक्षा तिच्यावर माझा भरवसा आहे."

सून आठवड्यातून दोनदा मोजायची. आकडा हळूहळू खाली आला. सहा महिन्यांनी तिने वाचले, "एकशेबावीस, अठ्ठ्याहत्तर." मास्तरीणबाई म्हणाल्या, "गोळी लागू पडली हो." मोजले मी, चढले उतरले मी, आणि नाव गोळीचे. माझा पारा नळीत होता म्हणून बरे, नाहीतर डोक्यात गेला असता.

पण पुढच्याच महिन्यात माझी वेळ आली. पुन्हा तोच छान आकडा आला. मास्तरीणबाईंनी गळ्यातली टेप सारखी केली आणि निकाल दिला, "माप बसलं. बसलेल्या कपड्याला पुन्हा कात्री कोण लावतं? गोळी बंद."

"आई, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारूया का?" सून म्हणाली.

"घरात पेटी असताना त्यांचा उंबरा कशाला झिजवायचा? पेटी सांगेल."

पेटी सांगेल. मित्रांनो, दोन वर्षे कपाटात काढलेल्या जिवाला हे ऐकून काय वाटते, ते तुम्हाला नाही कळायचे. त्याच दिवशी रेशमी पिशवीतून गोळ्या बाहेर पडल्या आणि कप्प्यांत रंगवार बटणे गेली. मी फळीवरून सगळे डोळे भरून पाहिले.

पहिले काही दिवस आकडा जागेवर राहिला. मग चढू लागला. मी सांगितले. खोटे बोलायचे मला माहीतच नाही. पण शिंप्याच्या घरात माप तीनदा घ्यायची रीत असते. मास्तरीणबाईंनी तीच मला लावली. पहिल्यांदा दीडशे आले तर म्हणायच्या, "आत्ताच उभे होते, पुन्हा घे." दुसऱ्यांदा एकशेचव्वेचाळीस. "बोलत होते मध्येच, पुन्हा घे." तिसऱ्यांदा एकशेअडतीस आले की, "हां, हे धर." सून नळी कानातून काढून एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे बघायची. माझे दोन खरे आकडे दर वेळी कचऱ्यात जात होते आणि मी गप्प होते, कारण ती गोळी तिथे नव्हती. एवढ्यावर मी खूश होते. माझी लाज मी स्वतःच सांगते आहे, दुसऱ्याने सांगायला नको.

एका सकाळी मास्तर कोटाचे कापड कापत होते. सरळ चाललेली कात्री वाकडी गेली. चाळीस वर्षांत त्यांची कात्री वाकडी गेली नव्हती. मग ती हातातून टेबलावर पडली. त्यांनी उजव्या हाताकडे असे पाहिले, जणू तो कुणा गिऱ्हाइकाचा हात आहे. "अगं," म्हणाले, आणि पुढचा शब्द तोंडात घोळून राहिला. ओठ एका बाजूला उतरला होता.

सुनेने चेहरा पाहिला आणि लगेच गाडी बोलावली. मला कुणी हात लावला नाही. बरोबरच केले. माझ्यापायी एक मिनिट घालवायची ती वेळ नव्हती.

आठ दिवसांनी मास्तर इस्पितळातून घरी आले. बोलणे जागेवर आले होते, पण उजवा हात अर्धवट. कात्रीच्या मुठीत अंगठा जाई, दाब येत नसे. डॉक्टरीणबाई घरी बघायला आल्या. मास्तरीणबाई ताठ बसल्या होत्या, टेप गळ्यात तशीच.

"पेटीनं बरोबर सांगितलं होतं बाई," त्या म्हणाल्या. "मला हवं ते माप मी धरलं. आणि आधी तर, माप बसलं म्हणून मीच गोळी बंद केली."

"ते गोळीमुळंच बसलं होतं, मास्तरीणबाई."

"ते आता कळलं."

"आणखी एक आहे," बाई म्हणाल्या. "पेटी फक्त दाब मोजते. मास्तरांच्या धमन्यांना आतून सूज आहे, धमनीचं आतलं आवरण धुमसत असतं. तिथं गुठळी धरते, आणि ती मेंदूकडं गेली की असा झटका येतो. ही गोळी दाब तर उतरवतेच, पण या जातीच्या काही गोळ्या ती धगसुद्धा थोडी कमी करतात, असं अभ्यासांत दिसतंय. किती, ते अजून तपासतायत. पण ते पेटीत दिसणार नाही. आकडा छान आला तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

मास्तरीणबाईंनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे अस्तर. वरून कोट अंगाला बसलेला आणि आत अस्तर कुजलेलं. एवढं मला कळायला हवं होतं. जन्म गेला अस्तरं लावण्यात."

"तुझ्या हातून एक टाका चुकला म्हणून काय झालं," मास्तर खाटेवरून म्हणाले. "माझ्या हातून अख्खा कोट चुकला."

"तुम्ही बोलू नका. हात हलवा, सांगितलाय तेवढा."

मास्तरीणबाईंनी रेशमी पिशवी खाली घेतली, सातही कप्प्यांतली बटणे डब्यात ओतली आणि गोळ्या परत भरल्या. मी पाहत होते. ज्या चिमुरडीचा मी वर्षभर हेवा केला, ती मला कधीच जाता येणार नाही अशा ठिकाणी जाऊन रोज मुकाट काम करत होती. मी बाहेरून दंड आवळून आकडा सांगणारी. आतल्या आगीची मला वार्ताही नव्हती.

मग मास्तरीणबाईंनी त्या रेशमाचा उरलेला तुकडा शोधला, माझ्या पट्ट्याचे जाड टाके उसवले आणि कडेला बारीक शिवण घातली. शिवता शिवता माझ्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तू तुझं सांग. पहिला आकडा सांगशील तोही लिहून ठेवीन. अस्तराचं त्या गोळीला बघू दे."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिची काच पुसा, तिचा पारा तपासून घ्या, आणि ती सांगेल ते सगळे ऐका, गोड तेवढेच नको. पण माझा आकडा चांगला आला म्हणून कुणाची गोळी बंद करू नका. तो अधिकार डॉक्टरांचा. माझा नाही, आणि घरातल्या कुणाचाही नाही.

हेवा गेला का, असे विचाराल तर नाही गेला. सकाळी "गोळी घेतली का?" ऐकले की अजून कुठेतरी टोचते. पण आता त्या प्रश्नानंतर खाली टेबलावर कात्री चालू लागते. सावकाश चालते, मध्ये थांबते, पुन्हा चालते. ती खडूच्या रेघेवरून पुढे सरकेपर्यंत मलाही चैन पडत नाही.